सांगली-मिरजेहून केनियात सेवेला जाताना: पहिले दहा दिवस

मंडळीने निरोपाची प्रार्थना केलेली असते, पाळकांनी डोक्यावर हात ठेवलेला असतो आणि मनात एकच असते, की उतरल्या उतरल्या कामाला लागावे. तसे करू नका. पहिले दहा दिवस उपदेश करायचा नाही, वर्ग घ्यायचा नाही, कोणाच्या हातावर पैसे ठेवायचे नाहीत. या दिवसांचे काम निराळे आहे. कागदपत्रे मार्गी लावायची, पोट सांभाळायचे, तापापासून जपायचे, माणसांना रीतसर भेटायला शिकायचे आणि कान उघडे ठेवायचे. अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्यांचे बिघडते ते बहुधा याच दिवसांत. परवाना नसताना काम सुरू केलेले असते, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कुणाची शाळेची फी भरण्याचा शब्द दिलेला असतो, नाहीतर मच्छरदाणी उद्या बांधू म्हणून राहिलेली असते.

हा मजकूर वर्ष-दोन वर्षांसाठी केनियाच्या पश्चिमेला, किसुमू शहराच्या आसपासच्या मंडळीत किंवा मिशन दवाखान्यात जाणाऱ्या तरुण-तरुणींसाठी आहे. नैरोबीत राहणाऱ्यांना हिवतापाची धास्ती कमी, बाकी सगळे तेच.

एक गोष्ट मनात धरून निघा. २०१९ च्या जनगणनेत केनियात दहापैकी आठांहून जास्त लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती म्हणून सांगितला आहे. म्हणजे तुम्ही जुन्या, भरलेल्या मंडळीत पाहुणे म्हणून चालला आहात. महाराष्ट्रही तिथे नवा नाही. १८४७ मध्ये साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे दरबारातले प्रतिनिधी, म्हणून आलेले बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्याच नावाने १८७५ मध्ये मोंबासाजवळ गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी फ्रिअरटाउन वसले, आणि तिथल्या सुरुवातीच्या सेवकांत, गुलामगिरीतून सुटून नाशिकच्या शरणपुरातल्या मिशनमध्ये वाढलेले आफ्रिकी लोक होते. मिरजेला १८९४ मध्ये दवाखाना काढणारे डॉ. विल्यम वानलेस इथे जसे परके होते, तसे आता तुम्ही तिथे.

निघण्याआधीचे कागद

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, सुरू केला. तो ऑनलाइन मिळतो, पण तो फक्त देशात शिरण्यासाठी. पाहुणा म्हणून मिळालेल्या ईटीएवर शिकवणे, रुग्ण तपासणे, मिशनचे ऑफिस सांभाळणे, यातले काहीही कायद्याने चालत नाही, पगार घेत नसलात तरीही. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी वेगळा परवाना असतो, त्याला ‘क्लास आय’ म्हणतात. थोड्या मुदतीसाठी स्पेशल पास निघतो. दोन्हींचा अर्ज तुम्हाला बोलावणाऱ्या, तिथे नोंदणी असलेल्या मंडळीने करायचा असतो. म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा: अर्ज दाखल झाला का, आणि त्याची पावती पाठवाल का? ‘या तर खरे, इथे आल्यावर बघू’ असे उत्तर आले तर तिकीट काढू नका. नव्वद दिवसांहून जास्त राहणाऱ्याला परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागते, ते कार्ड वेगळे.

मिरजेतून नर्सिंग करून जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. केनियाच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात येईपर्यंत रुग्णाला सुई टोचायची नाही, ड्रेसिंगसुद्धा करायचे नाही. तोवर वॉर्डात उभे राहून बघा, नोंदी कशा ठेवतात ते शिका. इथला अनुभव दहा वर्षांचा असला तरी हेच.

नावाचा घोळ आपल्याकडच्यांचा हमखास होतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांचे नाव कुठे पूर्ण तर कुठे एकच अक्षर. पासपोर्टवर जसे आहे, अक्षरन् अक्षर तसेच नाव तिकिटावर, परवान्याच्या अर्जावर, लसीच्या दाखल्यावर आणि तिथल्या सिमकार्डावर आले पाहिजे. लस देणारे कर्मचारी घाईत वडिलांचे नाव गाळतात. टेबलावरून उठण्याआधी वाचा आणि तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

लस म्हणजे पिवळ्या तापाची, म्हणजेच यलो फीव्हरची. अर्धा मिलिलीटरचा एकच डोस असतो आणि तो सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायचा. आपल्याला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. ठरलेले वार आणि मर्यादित नोंदणी असते, म्हणून निघण्याच्या दीड-दोन महिने आधी तारीख घ्या. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ च्या नियमानुसार जन्मभर चालतो. भारतातून सरळ जाताना केनियात हा दाखला कदाचित कोणी मागणार नाही, आणि इथेच लोक फसतात. तो मागितला जातो मुंबईला परतताना. नसला तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, गरोदरपण असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. टायफॉइड, कावीळ अ आणि धनुर्वात यांच्या लसी सांगली-मिरजेतच घेता येतात.

पेटी भरताना

२८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती कडक आहे. आपली पेटी म्हणजे पिशवीत पिशवी. चपला एका कॅरीबॅगमध्ये, साबण दुसऱ्या, चटणी तिसऱ्या. सगळ्या काढा. कापडी पिशव्या शिवून घ्या, ओले पदार्थ स्टीलच्या फिरकीच्या डब्यात भरा. विमानतळावरच्या दुकानातून मिळालेली पिशवीही उतरण्याआधी सोडून द्या.

कांदा-लसूण मसाला अर्धा किलो पुरे, दुकानातला सीलबंद घ्या. हळद पाव किलो. भेट म्हणून तासगावचे बेदाणे सीलबंद पाकिटात उत्तम. सोसतात, हलके असतात आणि वाटता येतात. कंदी पेढे प्रवासात टिकत नाहीत. बियाणे, रोपे, ताजी फळे अजिबात नेऊ नका, उतरल्यावर जप्त होतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यातल्या तेलामुळे खोबरे आपोआप तापू शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात धरतात. लोणचे चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत.

वीज २४० व्होल्टची, आपल्यासारखीच, पण सॉकेटला तीन चौकोनी पिना लागतात. प्रत्येक चार्जरला वेगळा अडॉप्टर घेण्यापेक्षा इथला चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड आणि दोन अडॉप्टर न्या. एक हरवतोच.

कपडे कमी घ्या. वापरलेल्या पण चांगल्या कपड्यांचे बाजार तिथे जागोजागी असतात, ‘मितुम्बा’ म्हणतात त्यांना. स्वेटर मात्र हवाच. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरेच उंच, आणि जुलैतल्या पहाटे हुडहुडी भरते. किसुमू साधारण १,१३० मीटरवर, पाचगणीपेक्षा थोडे खाली, पण ऊन कडक. मुलींनी गुडघ्याखाली येणारा स्कर्ट किंवा पंजाबी ड्रेस न्यावा. रविवारसाठी मुलांना इस्त्रीची पँट आणि बंद बूट लागतात.

रात्री मिरजेत गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरायचे आणि त्याच दिवशी विमान, असा बेत करू नका. गाडीला उशीर झाला की सगळेच गेले. एक रात्र मुंबईत काढा.

उतरल्यावर

विमान साधारण सहा तासांचे. घड्याळ अडीच तास मागे करा. मिरजेत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथे साडेपाच. घरी फोन करायची वेळ यावरून आधीच ठरवून या, म्हणजे आई मध्यरात्रीपर्यंत जागत बसणार नाही.

पहिले काम सिमकार्ड. ते कंपनीच्या दुकानातूनच, मूळ पासपोर्ट दाखवून घ्या. रस्त्यावरच्या माणसाने आधीच सुरू केलेले सिम देऊ केले तर नको म्हणा. ते दुसऱ्याच्या नावावर असते आणि त्यावर आलेले पैसेही त्याचेच. सिमबरोबर एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे देण्याघेण्याची सोय, सुरू करून घ्या. सफारीकॉम या तिथल्या फोन कंपनीने ते २००७ मध्ये आणले आणि आज भाजीवालीपासून चर्चच्या दानार्पणापर्यंत सगळे त्यावर चालते. आपल्या यूपीआयपेक्षा एक फरक पक्का समजून घ्या. यात पैसे बँकेतून सरळ जात नाहीत. आधी एजंटकडे रोख देऊन फोनमध्ये भरायचे, मग तिथून पाठवायचे. भरायला पैसे पडत नाहीत, काढायला पडतात. पाठवण्यापूर्वी समोरच्याचे नाव पडद्यावर येते, ते वाचल्याशिवाय पिन दाबू नका. ‘चुकून तुमच्या नंबरवर पैसे आले, परत पाठवा’ असा मेसेज आला तर आधी शिल्लक बघा. बहुतेकदा काही आलेलेच नसते.

रोख म्हणून अमेरिकी डॉलर न्या. नोटा नव्या मालिकेच्या, न दुमडलेल्या आणि डाग नसलेल्या असाव्यात. जुन्या, मळक्या नोटा बदलून देत नाहीत.

नैरोबी ते किसुमू रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. दिवसाची बस धरा, रात्रीची नको. गावातल्या गावात ‘मातातू’ चालते. पेठनाक्याहून वडापने आला-गेला असाल तर मातातू कळायला वेळ लागणार नाही. चौदा सीटची गाडी, दारात लोंबकळणारा कंडक्टर, आणि भरल्याशिवाय हलायचे नाही. भाडे चढण्याआधी विचारा, कारण पाऊस आला किंवा संध्याकाळ झाली की ते वाढते. खिडकीशी फोन धरू नका. उतरताना म्हणायचे, ‘शुकीशा हापा’. मोटरसायकलच्या ‘बोडाबोडा’वर हेल्मेटशिवाय बसू नका, चालक कितीही ओळखीचा असला तरी.

राहण्याच्या घरात वीज प्रीपेड असू शकते. मग फोनवरून पैसे भरले की वीस अंकी क्रमांक येतो, तो मीटरवर टाकायचा. पहिल्याच दिवशी घरमालकाकडून मीटर नंबर लिहून घ्या, नाहीतर अंधारात शोधत बसावे लागेल.

घड्याळाचे आणि नात्यांचे

स्वाहिलीत वेळ सूर्योदयापासून मोजतात. पंचांगात घटका सूर्योदयापासून धरतात, तेच तत्त्व. किसुमू विषुववृत्ताला इतके जवळ आहे की वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणून हा हिशेब तिथे बिनचूक चालतो. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. नऊ म्हणजे ‘सा तातू’, तिसरा. दहाची प्रार्थना ‘सा न्ने’ला, म्हणजे चौथ्या तासाला. युक्ती सोपी आहे: काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. लहान काटा नवावर असला तर समोर तीन, म्हणून सा तातू. इंग्रजीत बोलताना मात्र तीच माणसे आपल्यासारखीच वेळ सांगतात. भेट ठरवताना म्हणून दोन्ही तऱ्हेने विचारून पक्के करा, नाहीतर सहा तासांची चूक होते.

नात्यांचे शब्द त्याहून फसवे आहेत, कारण ते आपलेच वाटतात. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण. ‘काका’ म्हणजे भाऊ. ‘मामा’ म्हणजे आई, आणि कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला मामाच म्हणायचे. ‘बाबा’ तेवढा बाबाच. आईच्या भावाला ‘म्जोम्बा’, आत्याला ‘शांगाझी’. पाळकांना ‘म्चुंगाजी’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ अक्षरशः गुरे-मेंढरे राखणारा. आपण पाळक म्हणतो तेच.

बाकी शब्दांत आपला फायदा आहे. अरबस्तान आणि हिंदुस्थानाकडून आलेले कितीतरी शब्द दोन्हीकडे पोचलेत. दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू, औषधाला दावा, खबरबातीला हाबारी, विम्याला बीमा, गाडीला गारी, रंगाला रांगी. ‘साहीही’ म्हणजे बरोबर, आणि कागदावरची सहीसुद्धा. वहीत असे शब्द लिहीत गेलात तर पहिल्या आठवड्यात पन्नास सहज जमतात. देवनागरीत लिहा, कारण स्वाहिलीत प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारतात आणि आपली लिपी त्याला इंग्रजीपेक्षा चांगली बसते. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा, तिथे दीर्घ काढून ठेवा. गाईला ‘ङोम्बे’ म्हणतात. वाङ्मय शब्दातला ङ तोंडात आणा, झाले. रोज सकाळी योहानाच्या शुभवर्तमानाची दहा वचने आधी मराठीत आणि मग स्वाहिलीत मोठ्याने वाचा. अर्थ आधीच माहीत असल्याने शब्दकोश लागत नाही.

किसुमूकडची घरची भाषा मात्र लुओ. सगळी नाही जमली तरी ‘एरोकामानो’, म्हणजे आभारी आहे, एवढे पहिल्याच दिवशी पाठ करा. म्हाताऱ्या माणसांचा चेहरा त्या एका शब्दाने उजळतो.

भेटण्याची रीत. दारात उभे राहून ‘होदी’ म्हणायचे, आतून ‘कारीबू’ आले की शिरायचे. खोलीत जितकी माणसे असतील तितक्यांशी हात मिळवायचा, एकालाही गाळायचे नाही. आपल्याकडच्या मुली लांबून हात जोडतात, तिथे ते तुटक दिसते. वडील माणसाशी हात मिळवताना डाव्या हाताने आपल्याच उजव्या मनगटाला आधार द्या. देणे-घेणे उजव्या हाताने. आणि मान डोलावून ‘हो’ म्हणायची आपली सवय सोडा. आपल्या डोलावण्याचा अर्थ तिथे ‘नाही’ असाही घेतात. तोंडाने ‘न्दियो’ म्हणा. कुणी ठेचकाळले, कुणाचे माणूस गेले, कुणाच्या हातून पेला पडला, सगळ्याला ‘पोले’. चूक तुमची नसली तरी म्हणायचे. त्यात माफी नसते, दुःखात सामील होणे असते.

पाणी, ताप, तळे

पिण्याचे पाणी खळखळा उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळवा, झाकून थंड करा. दात घासायलाही तेच. पोट बिघडले तर ओआरएसचे पाकीट, त्यावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर उलट नुकसान, म्हणून चमचा बोटाने सपाट करून घ्या.

हिवतापाचे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात. तिथला हिवताप बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे जीवघेणा होऊ शकणारा. लहानपणापासून तिथे राहिलेल्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती असते, तुमच्या अंगात ती शून्य. ‘इथले कोणी मच्छरदाणी लावत नाही’ हे कारण म्हणून तुम्हाला लागू नाही. मच्छरदाणी औषध लावलेली असते. नवी असेल तर एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगून मग वापरा. कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा, आणि हे अंधार पडण्यापूर्वी करा, कारण एकदा डास आत आला की तुम्ही त्याच्याबरोबर कोंडले जाता. रात्री हात जाळीला टेकला तर डास जाळीतून चावतो, म्हणून पलंगाच्या मध्ये झोपा. भोक दिसले की त्याच दिवशी सुई-दोऱ्याने शिवा. धुताना साधा साबण, वाळवताना सावली.

प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. डॉक्सिसायक्लिन दिली तर रोज १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, आणि हिवतापाचा भाग सोडल्यावर चार आठवडे चालू. ती जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नाही. आडवे झालात तर कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून जखम होते, छातीत जळजळते, आणि ‘गोळी सोसत नाही’ म्हणून लोक ती बंद करतात. दुधाच्या चहाबरोबर घेऊ नका, लोहाच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळीबरोबरही नको, औषध लागू पडत नाही. उन्हाने त्वचा लवकर भाजते, टोपी घाला. दुसरे औषध, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, परतल्यावर सात दिवसांत संपते, पण महाग पडते. वर्षभर राहणाऱ्याने गोळी किती महिने चालवायची हे तिथल्या मिशन दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. ताप आला तर क्रोसीन घेऊन झोपू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. आणि सांगलीला परतल्यावर काही महिन्यांतही ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य ‘मी केनियात होतो’ हेच सांगा.

कृष्णेच्या घाटावर पोहत वाढलेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. व्हिक्टोरिया तळ्यात उतरू नका. घोट्याएवढ्या पाण्यातही नको. काठच्या गवतातल्या गोगलगाईंमधून बिल्हार्झिया नावाच्या आजाराचे जंतू पाण्यात येतात आणि अखंड कातडीतून आत शिरतात. जखम असावी लागत नाही, पाणी प्यावेही लागत नाही. काठावरची पोरे पोहताना दिसतील, तरी नाही. अंघोळीला तळ्याचेच पाणी असेल तर ते उकळून घ्या किंवा दोन दिवस साठवून मग वापरा.

ताट

जेवणाआधी यजमान तांब्या आणि घमेले घेऊन हात धुवायला येतात. उठून नळ शोधू नका, बसल्या जागी हात पुढे करा. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. उजव्या हाताने लिंबाएवढा गोळा तोडायचा, तळव्यात दोन-तीनदा फिरवायचा, अंगठ्याने मध्ये खळगा पाडायचा आणि त्यात सुकुमा, म्हणजे चिरून परतलेला पाला, उचलायचा. भाकरी कुस्करून खाणाऱ्याला हे एका जेवणात जमते. चहा दुधाळ आणि गोड, कपामागून कप येतो. पुरे म्हणायला ‘निमेशीबा’, पोट भरले. मांस खात नसाल तर आधीच सांगा, ‘सिली न्यामा’. कोंबडी कापून झाल्यावर सांगितलेत तर घरच्या बाईचा जीव कासावीस होतो.

भाकरीची आठवण आठवड्याभरात येतेच. ज्वारीचे पीठ ‘उंगा वा म्तामा’, नाचणीचे ‘उंगा वा विम्बी’. पाकीट वाचून घ्या, पश्चिमेकडे ज्वारीत कसाव्याचे पीठ मिसळलेले असते आणि ती भाकरी थापताना फाटते. निव्वळ ज्वारी मिळाली तरी ती लाल आणि भरड असते, म्हणून थंड पाण्यात मळू नका. उकळत्या पाण्यात उकड काढा, झाकून दहा मिनिटे ठेवा, मग मळा.

पहिला रविवार

उपासना दोन-तीन तास चालते. सकाळी काहीतरी खाऊन जा. बहुतेक ठिकाणी बूट घालूनच आत बसतात, दाराशी काढू नका. पाहुण्यांना उभे करून मंडळीला अभिवादन करायला सांगतातच, आणि तयारी नसलेला माणूस इथे पंधरा मिनिटांचे इंग्रजी भाषण ठोकतो. चार वाक्ये पाठ करून जा:

‘ब्वाना आसिफीवे. जीना लांगू नी अमुक. निनातोका इंडिया, कातीका जिम्बो ला महाराष्ट्र. कानीसा लेतू ला मिरज लिनावासालीमू. आसान्तेनी क्वा कुनिकारिबीशा.’

प्रभूची स्तुती असो, माझे नाव अमुक, मी भारतातून, महाराष्ट्रातून आलो, आमची मिरजेची मंडळी तुम्हाला सलाम सांगते, माझे स्वागत केल्याबद्दल आभार. पहिल्या दोन शब्दांवर सगळी मंडळी ‘आमीना’ म्हणते, तेवढे थांबा. मग बसा. गाण्याचा आग्रह झाला तर एक मराठी भजन दोन कडव्यांत म्हणा, टाळ्यांवर धरता येईल अशा चालीचे.

फोटो काढू नका, पहिल्या रविवारी तर नाहीच. लहान मुलांचे फोटो आईबापांना आणि पाळकांना विचारल्याशिवाय कधीच घेऊ नका, आणि विचारून घेतले तरी व्हॉट्सॲपवर फिरवू नका. विमानतळ, पोलीस, लष्करी जागा यांच्याकडे कॅमेरा वळवू नका.

पैसा

पहिल्या आठवड्यातच कुणीतरी दाराशी येईल. मुलाची फी, आईचे ऑपरेशन, घराचे पत्रे. गरज बहुतेकदा खरी असते, आणि म्हणूनच हे अवघड आहे. पण तुम्हाला कोण कुणाचे, कुणाला आधी काय मिळाले आहे, यातले काही माहीत नसते. एकाला दिले की संध्याकाळपर्यंत दहा दारांना कळते आणि उरलेले वर्ष तुमची ओळख पैसेवाला ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, एवढीच राहते. तिथल्या भारतीयांची जुनी ओळख दुकानदारांची आहे, तुम्हालाही लोक आधी तसेच बघतात. पहिल्याच भेटीत पाळक आणि वडील मंडळींसमोर ठरवून घ्या, की मदतीची प्रत्येक मागणी त्यांच्याकडे जाईल आणि निर्णय ते घेतील. दाराशी आलेल्याला बसवा, चहा द्या, पूर्ण ऐका, नाव लिहा, त्याच्याबरोबर प्रार्थना करा, आणि म्हणा की मी हे वडिलांच्या कानावर घालतो. मग खरोखर घाला. ‘बघतो’ म्हणू नका, तिथे तो शब्द होकार म्हणून घरी जातो.

मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या मंडळीच्या ट्रस्टमधून पैसे पाठवायचे मनात असेल, तर आधी सीएला गाठा. ट्रस्टची करमाफी मुळात भारतात केलेल्या खर्चाला असते, परदेशातल्या खर्चाला वेगळी मंजुरी लागते.

दहाव्या दिवशी

एक तास काढून हे तपासा. परवान्याच्या अर्जाची पावती आणि पासपोर्टची रंगीत प्रत दोन जागी आहे का. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंदणी झाली का, नैरोबीतल्या भारतीय उच्चायोगाचा नंबर फोनमध्ये आहे का. जवळचा दवाखाना रात्री उघडा असतो का, तिथे कोण घेऊन जाईल. आणीबाणीला ९९९ किंवा ११२. विम्यात विमानाने हलवण्याची सोय आहे का.

मग मंडळीला पहिले पत्र लिहा. एक पान पुरे. ज्यांच्याकडे उतरलात त्यांचे आभार, शिकलेले पाच शब्द, प्रार्थनेसाठी दोन विषय. तिथल्या माणसांची पूर्ण नावे, आजार आणि घरातली भांडणे त्यात लिहू नका, पत्र मंडळीत मोठ्याने वाचले जाते. पाठवण्याआधी तिथल्या पाळकांना त्यातला मजकूर सांगा. त्यांनी एखादे वाक्य काढायला सांगितले तर काढा.